टेबल पुसणारी

बहिऱ्या माणसांत कुणाला आपलं नाव आपण ठेवता येत नाही. कागदावरचं नाव वेगळं, ते सरकारचं. खरं नाव हातांचं असतं आणि ते इतरांनी ठेवायचं. माझ्या बाबांचं नाव म्हणजे डाव्या तळहातावरून फिरणारा उजवा अंगठा, कारण चाळीस वर्षं त्यांनी पुस्तकांच्या पाठीला खळ लावली. इस्त्रीमावशीचं नाव म्हणजे पुढेमागे सरकणारी मूठ. एकदा पडलेलं नाव सहसा बदलत नाही. माणूसच बदलला आणि ते सगळ्यांना एकदम पटलं, तरच बदलतं.

माझं नाव होतं ‘गाणारी’. बोटं छातीशी मिटायची आणि तिथून उमलत उमलत बाहेर न्यायची.

मला ऐकू येतं. बाबांना येत नाही, आईलाही येत नव्हतं. मी चार वर्षांची असताना आई गेली आणि मला वाढवलं इस्त्रीमावशीनं. ती काही सख्खी मावशी नव्हे. दवाखान्यांच्या चादरी धुणाऱ्या मोठ्या धुलाईघरात ती इस्त्री करायची. तिथल्या यंत्रांचा आवाज असा की ऐकणारा माणूस महिनाभर टिकत नसे, म्हणून मालकानं सगळी बहिरी माणसंच ठेवलेली. धुलाईघरामागच्या गल्लीत त्यांच्या खोल्या. माझ्या वेण्या त्या गल्लीत घातल्या गेल्या आणि बोलायलाही मी तिथेच शिकले, आधी हातांनी, मग तोंडानं.

आमच्या वस्तीतल्या प्रार्थनेच्या सभागृहात दर आठवड्याला एक म्हातारे बुवा गाऊन निरूपण करायचे. बाबा पहिल्या ओळीत बसायचे. कानांना काही नाही, पण हात बाकावर सपाट ठेवायचे, म्हणजे ताल लाकडातून यायचा. मी नऊ वर्षांची असेन. एकदा बुवांनी काहीतरी सांगितलं आणि सगळं सभागृह खदखदून हसलं. बाबाही हसले. का हसतोय ते ठाऊक नसताना, इतरांकडे बघून हसले. मला ते सहन झालं नाही. मी उठले, बुवांच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि ते काय म्हणाले ते हातांनी सांगायला लागले.

बुवा थांबले. मला वाटलं, आता खाली बसवणार. ते म्हणाले, “होऊ दे पोरी तुझं. मग मी पुढं सरकतो.”

त्या दिवसापासून त्या सभागृहात देवाचं नाव दोन आवाजांत व्हायला लागलं. मी आजवर खूप काही केलं असेल, पण परमेश्वरानं मला हात कशासाठी दिले असं कुणी विचारलं तर मी तेवढंच सांगेन.

बुवांची एक कथा होती, मुलांची फार लाडकी. एका राजानं वेशीवर पहारेकरी ठेवला. शत्रू आला तर घंटा वाजवायची. एके दुपारी शत्रू आला. पहारेकऱ्याला वाटलं, महाराज जेवून नुकते पडलेत, झोपमोड झाली तर रागावतील. मग त्यानं घंटेच्या आतल्या लोळ्याला कापड गुंडाळलं आणि घंटा वाजवली. अगदी जोरजोरात वाजवली, हं. हात दुखेपर्यंत. बुवा इथं थांबून विचारायचे, “वाजवली की नाही? सांगा!” मुलं ओरडायची, “वाजवली!” “मग ऐकू का नाही आली?” मी ती कथा हातांनी करायची तेव्हा बहिरी माणसं हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडायची. ऐकणाऱ्यांचीच घंटा, आणि तीही मुकी! मीही हसायची.

मोठी झाल्यावर याच हातांवर मला नोकरी लागली. पालिकेचे प्रवक्तेसाहेब दूरचित्रवाणीवर निवेदन वाचायचे, त्यांच्या बाजूला उभं राहून ते बहिऱ्यांच्या भाषेत सांगायचं. पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकोन, त्यात मी. पहिल्या निवेदनाला धुलाईघरातल्या सगळ्यांनी सुट्टी काढली होती. मावशीनं पडद्यावरच्या मला बोटानं शिवून पाहिलं म्हणे.

काम सुरू झालं आणि पहिल्याच महिन्यात मी अडले. साहेब म्हणायचे, “संबंधित यंत्रणांना योग्य त्या सूचना देण्यात आल्या असून सर्वतोपरी प्रयत्न केले जात आहेत.” आता हे हातांनी काय सांगायचं? कुणी, कुणाला, काय? मी कागदात शोधायची, सापडायचं नाही. शेवटी मी एक खूण काढली. तळवा खाली करायचा आणि समोरच्या हवेत गोल फिरवायचा, हळू, शांतपणे. दिसायला चांगली दिसायची. ‘योग्य ती कार्यवाही’ला तीच, ‘सर्व संबंधितां’नाही तीच.

धुलाईघरात तिला नाव पडलं, टेबल पुसणं. तो त्यांचा आवडता विनोदच झाला. कुणी म्हाताऱ्याला विचारावं, “काल कुठं होतास?” की तो टेबल पुसायचा. बायको विचारते, पगार कुठाय? नवरा टेबल पुसतो. मावशी मला चिडवायची, “काय गं, आज साहेबांचं टेबल किती वेळ पुसलंस? चकाकलं का?” मीही हसायची. नऊ वर्षं मी ते टेबल पुसलं. त्यात कुणाचं काही बिघडत नाही असं मला वाटायचं.

मग ते पाण्याचं निवेदन आलं.

निवेदनाची खोली लहान होती. निळ्या कापडाचं टेबल, दोन दिवे, आणि जमिनीवर पिवळ्या पट्टीची फुली. त्या फुलीवर मी उभं राहायचं. हातांना तयारी करता यावी म्हणून तासभर आधी मला कागद मिळायचा. त्या दिवशीच्या कागदावर चारच ओळी होत्या, पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेतल्या बाईंनी लिहिलेल्या असाव्यात. मोठ्या टाकीत कारखान्याचं रसायन मिसळलं आहे. नळाचं पाणी पिऊ नये. उकळूनही पिऊ नये. उकळल्यानं पाणी आटतं आणि विष तेवढंच राहतं.

मी वाचलं. माझ्या डोळ्यांनी, दिव्याखाली, दोनदा वाचलं.

वीस मिनिटांनी मसुदेबाबू आले. निवेदनांचे मसुदे करायचे म्हणून सगळे त्यांना मसुदेबाबूच म्हणत. घाम पुसत होते.

“ताई, तो कागद द्या बघू. हा घ्या नवा.”

नव्या कागदावर होतं: पाण्याच्या गुणवत्तेत काही प्रमाणात चढउतार असल्याचे निदर्शनास आले असून संबंधित यंत्रणा परिस्थितीवर बारकाईने लक्ष ठेवून आहे. नागरिकांनी घाबरून न जाता योग्य ती खबरदारी घ्यावी.

“बाबू, ‘पिऊ नका’ कुठं गेलं?”

“आहे की. ‘योग्य ती खबरदारी’. त्यात सगळं आलं.”

“सगळं म्हणजे काय?”

“म्हणजे ज्याला जे योग्य वाटेल ते.” ते खुर्चीत टेकले. “ताई, हा सातवा मसुदा आहे. सहाव्यात ‘चढउतार’च्या जागी ‘बदल’ होतं. साहेब म्हणाले, बदल फार भडक वाटतो.”

“अहो, लोक पाणी पितात ते!”

“मलाही दोन मुलं आहेत,” ते एवढंच म्हणाले. मग जरा वेळानं, माझ्याकडे न बघता, “चहा सांगू? चिंता करू नका, बाटलीच्या पाण्याचा आहे.”

मी चहा घेतला. हेही लिहून ठेवते.

दिवे लागले. कॅमेरावाला नेहमीसारखा म्हणाला, “ताई, तुमचे हात बघायला मला फार आवडतं बरं का. एक अक्षर कळत नाही, पण गोड वाटतं.” मी फुलीवर उभी राहिले. साहेब वाचायला लागले. चढउतार झाला, यंत्रणा झाली, दोन्हींना मी टेबल पुसलं. पण ‘योग्य ती खबरदारी’ आली आणि का कोण जाणे, माझ्यानं टेबल पुसवेना. पडद्यापलीकडे मावशी बसलीय हे ठाऊक होतं मला. तिच्या हातात काहीतरी द्यावं असं वाटलं. आणि माझे हात आपसूक जे करत आले होते तेच करून गेले. एका तळव्याचं भांडं, दुसऱ्या हाताची बोटं त्याच्याखाली जाळासारखी. पाणी उकळून प्या. नऊ वर्षांत पाण्याच्या प्रत्येक निवेदनाला मी तेच तर सांगत आले होते.

हात खाली येईपर्यंत मला कळलं मी काय केलं ते. साहेब अजून वाचत होते, पुढच्या परिच्छेदात कुठल्याशा पुलाचं उद्घाटन होतं. मला हात वर करून ‘नाही, चुकलं, उकळू नका’ एवढं सांगायला किती वेळ लागला असता? जांभई द्यायला लागतो तेवढा. मी पुलाचं उद्घाटन सांगितलं.

संध्याकाळी घरी आले तर दारात पाण्याच्या बाटल्यांची चार खोकी. कार्यालयातल्या सगळ्यांच्या घरी गेली होती, गाजावाजा न करता. बाबांनी गॅसवर भांडं चढवलं होतं. मी ते ओतून दिलं.

“बाबा, नळाचं नको. हे प्या.”

“का? तू तर उकळून म्हणालीस.”

“ऑफिसनं दिलंय,” मी म्हणाले. आणि का, असं त्यांनी पुन्हा विचारलं तेव्हा माझ्याच घरात, माझ्याच बापासमोर, मी टेबल पुसलं.

बाबा हसले. पोरीची नोकरी मोठी, असं त्यांना वाटलं असेल. बाटल्या त्यांनी पलंगाखाली ओळीनं लावून ठेवल्या, पुस्तकं लावावीत तशा, लेबलं एका बाजूला करून.

मावशीला दोन खोकी नेऊन द्यावीत हे मनात आलं नाही असं नाही. रोज आलं. पण नेली असती तर ती विचारणार, का? सांगितलं असतं तर अर्ध्या तासात सगळी गल्ली माझ्याभोवती. मग कोण म्हणालं, कागदावर काय होतं, तू काय केलंस. मी म्हणायची, उद्या नेते. उद्या नवा, नीट कागद निघेलच, मग आपोआपच सगळं सरळ होईल. ऐकणाऱ्या माणसांना तोवर इकडून तिकडून कळलंच होतं. औषधाच्या दुकानात कुणी कुजबुजलं, कुणाचा मेहुणा प्रयोगशाळेत होता. कुजबुज बहिऱ्या माणसापर्यंत पोचत नाही. त्यांच्याकडे कोपऱ्यातला चौकोन होता. त्यात मी होते.

असे दहा दिवस गेले. रोज सकाळी मी देवासमोर हात जोडायची आणि जोडलेल्या हातांकडे बघायचं टाळायची.

अकराव्या दिवशी मी दुपारी घरी आले तेव्हा बाबा स्वयंपाकघरात उभे होते. पलंगाखालच्या उरलेल्या बाटल्या त्यांनी बाहेर काढून टेबलावर मांडल्या होत्या.

“मी मावशीकडे गेलो होतो,” त्यांनी सांगितलं. “दवाखान्यात आहे ती. अंग सुजलंय. लघवी बंद. गल्लीतली आणखी पाच माणसं आहेत.”

मी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

“सगळे पाणी उकळून पीत होते. तू सांगितलंस म्हणून.” त्यांनी एका बाटलीवर बोट ठेवलं. “आपल्याकडे या का आल्या?”

मी हात वर केले आणि मला दिसलं, उजवा तळवा खाली होऊन गोल फिरायच्या बेतात होता. बाबांनी झटकन तो मनगटाशी धरला. घट्ट धरला. सत्तरीच्या माणसाच्या हातात एवढी ताकद असेल असं वाटलं नव्हतं. मग सोडला.

मी सांगितलं. पहिला कागद, दुसरा कागद, चहा, भांडं आणि जाळ, पुलाचं उद्घाटन. सगळं. मधेच बाबांनी डोळे मिटून घेतले.

ऐकणाऱ्या माणसानं पाठ फिरवली तरी त्याला ऐकू जातं. बहिऱ्यानं डोळे मिटले की संपलं. मी त्यांच्या खांद्याला हात लावला, गुडघ्याला लावला, खाली बसून त्यांच्या हातांत हात घालून सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी डोळे उघडले नाहीत. मिटल्या डोळ्यांनीच त्यांनी मला दाराकडे बोट दाखवलं. जा. तिच्याकडे जा.

मावशीच्या उजव्या हाताला सुई टोचली होती आणि तो पट्टीनं लाकडाच्या फळीला बांधला होता, हलू नये म्हणून. म्हणजे तोंडच बांधलं की तिचं. डावा हात तेवढा मोकळा. बोटं सुजून टम्म झालेली. मला बघून तिचा चेहरा उजळला. तोच चेहरा, शाळेच्या फाटकाशी दिसायचा तो.

“आलीस,” ती डाव्या हातानं म्हणाली. मग जरा थांबून, सावकाश, अडखळत, “बाळा, माझं कुठं चुकलं गं? मी दोनदा उकळत होते. एकदा सकाळी, तेच पुन्हा रात्री. अर्धं होईस्तोवर. तू सांगितलंस तसं. कमी उकळलं का मी?”

आपलं काही चुकलं म्हणून ती माझी माफी मागत होती.

मला तिथं बोलायला हवं होतं. बाबांना सांगितलं तसं, एका दमात. पण शेजारच्या दोन खाटांवर धुलाईघरातलेच दोघे होते, आणि दोघंही मान वळवून माझ्या हातांकडे बघत होते, देवळात बघावं तसं. मी तिचं पांघरूण सारखं केलं. म्हणाले, “डॉक्टर बघतायत. सगळं नीट होईल.” आणि बाहेर येऊन जिन्यात बसले. जिन्यातून जाणाऱ्या एका आयाबाईनं विचारलं, “कोण लागते तुमची?” मी म्हणाले, आई. ती म्हणाली, “मग इथं काय करताय?”

त्याच दुपारी चारला निवेदन होतं. मी गेले. दुसरीकडे कुठं जाणार होते?

मसुदेबाबूंनी कागद दिला. त्यांचे डोळे तांबारलेले होते. कागदावर होतं: काही नागरिकांमध्ये प्रकृतीविषयक तक्रारी आढळून आल्या असून, पाण्याच्या वापरासंदर्भात समाजातील एका घटकात गैरसमज पसरल्याने ही परिस्थिती उद्भवल्याचे प्राथमिकदृष्ट्या दिसते.

“एक घटक म्हणजे?” मी विचारलं.

“ताई, नका ना विचारू.”

“धुलाईघर का?”

ते कपाळ चोळत म्हणाले, “कुणाचं नाव नाही ना घेतलं त्यात. उलट चांगलंच आहे.”

मावशी गैरसमज होती. तिचं दोनदा उकळणं हा एका घटकातला गैरसमज होता.

मी फुलीवर जाऊन उभी राहिले. दिवे लागले, साहेबांनी घसा साफ केला आणि वाचायला सुरुवात केली. मी त्यांचं ऐकलंच नाही. मी सांगायला लागले.

“नळाचं पाणी पिऊ नका. उकळूनही पिऊ नका. उकळलं की विष वाढतं. हे अकरा दिवसांपूर्वी कागदावर लिहिलेलं होतं. मी वाचलं होतं. मग तो कागद यांनी काढून घेतला आणि मी गप्प बसले. उकळा असं मी सांगितलं. चूक माझी. तुमच्यापैकी कुणाचाही गैरसमज झालेला नाही. मावशी, तू काही चुकली नाहीस. तू मी सांगितलं तसंच केलंस. माझ्या घरी बाटल्या आल्या होत्या. मी बाबांना त्या पाजल्या. तुला नाही आणल्या. पाणी पिऊ नका. शेजाऱ्याला सांगा.”

सांगून झालं तरी साहेबांचं वाचन चालू होतं, म्हणून मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

दिवे मालवले. मी वाट बघत उभी राहिले. आता कुणीतरी ओरडेल, दंडाला धरून बाहेर काढेल. साहेब पाणी प्यायले, बाटलीतलं, आणि मोबाइल बघत निघून गेले. मसुदेबाबूंनी कागद गोळा केले. कॅमेरावाला वायर गुंडाळत म्हणाला, “आज फारच रंगला होता हात तुमचा ताई. वा!”

तेव्हा मला कळलं, आणि तेव्हा मी खरी खाली बसले, त्या पिवळ्या फुलीवरच.

त्या खोलीत हातांची भाषा कुणालाच येत नव्हती. पहिल्या दिवशीही येत नव्हती. नऊ वर्षांत कधीच येत नव्हती. मी त्या फुलीवर उभी राहून काहीही सांगू शकले असते आणि कुणाला पत्ता लागला नसता. मला कुणी अडवलंच नव्हतं. बाबूंचे मसुदे साहेबांना दाखवावे लागायचे. माझे हात कुणी तपासत नव्हतं. आजवर मी मनाशी म्हणत आले होते की माझ्यावर बंधन होतं, नोकरीची भीती होती. कसली भीती? लोळ्याला कापड गुंडाळा असं राजानं मला सांगितलेलं नव्हतं. ते मी घरून आणलं होतं.

बुवांच्या त्या कथेला मी किती हसले होते!

दोन दिवसांनी बहिऱ्यांच्या शाळेतल्या एका बाईंनी माझ्या त्या चौकोनाखाली शब्द घालून तो सगळीकडे पाठवला, आणि मग ऐकणाऱ्यांनाही सगळं कळलं. पालिकेनं ‘अधिक सुस्पष्टतेच्या दृष्टीने’ नवं निवेदन काढलं, त्यात पाणी पिऊ नये हे अखेर होतं, सातव्या ओळीत. मला पत्र आलं. बाबांनी ते हातात घेऊन विचारलं, काय लिहिलंय? त्यात लिहिलं होतं की प्राप्त परिस्थितीत माझ्या सेवांची आवश्यकता तूर्त भासत नाही.

“काढलं मला,” मी सांगितलं.

बाबांनी मान हलवली. त्या दिवसांत आमच्यात झालेलं तेवढंच बोलणं. ते माझ्याशी वाईट वागले नाहीत. जेवायला वाढायचे. पण मी हात उचलला की त्यांचे डोळे आधी माझ्या चेहऱ्यावर जायचे, मग हातांवर. पूर्वी थेट हातांवर यायचे.

मावशी दीड महिन्यानं घरी आली. आठवड्यातून दोनदा यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यावं लागतं, आणि ते आता कायमचं. मी तिला नेते-आणते. वाटेत ती पूर्वीसारखीच बोलते, रिक्षावाल्याच्या मिशांवरून, नर्सच्या नव्या बुटांवरून. त्या गोष्टीबद्दल तिनं एकदाच विचारलं. यंत्राला जोडलेली असताना, मोकळ्या हातानं.

“दवाखान्यात आलीस तेव्हा का नाही सांगितलंस? मी विचारलं होतं तुला.”

“लाज वाटली.”

“तू पडद्यावर सांगेपर्यंत दोन तास मला वाटत राहिलं की मीच मूर्ख,” ती म्हणाली. मग डोळे मिटले, पण तिला खरंच झोप आली होती.

सभागृहात मी तीन महिने गेले नाही. चौथ्या महिन्यात मावशीनंच ओढून नेलं. बुवा आता फार थकलेत, बसून गातात. पहिल्या दोन ओळी भरलेल्या होत्या. धुलाईघरातली सहा माणसं आजारी पडली होती, त्यांतली पाच तिथं बसली होती. सहावं माणूस, चादरींच्या घड्या घालणारे काका, आता नाहीत. त्यांची जागा कुणी घेतली नव्हती.

मी मागच्या बाजूला उभी राहिले. मागे एक नवी मुलगी बसलेली, नुकतीच धुलाईघरात लागलेली. तिनं शेजारच्या बाईला माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, ही कोण? शेजारची बाई गोंधळली. तिनं माझ्याकडे बघितलं, मग पहिल्या ओळीतून मागे वळलेल्या बाबांकडे. बाबांनी मान खाली घातली. तेव्हा त्या बाईनं, वाईट वाटतंय असा चेहरा करून, तळवा खाली केला आणि हवेत एकदा गोल फिरवला.

म्हणजे पडलं होतं नाव. कधी पडलं मला माहीत नव्हतं. सगळ्यांना एकदम पटलं असणार.

नवी मुलगी हसली, तिला ते नाव मजेशीर वाटलं. ती सरळ माझ्याकडे वळली आणि मलाच विचारलं, “खरंच? तुझं नाव हे?”

पुढच्या ओळींतल्या माना वळल्या. मावशीची वळली. बाबांनीही वर बघितलं. मला ‘गाणारी’ म्हणता आलं असतं, बोटं छातीशी जायला एक क्षणही लागला नसता. मी उजवा हात पुढे केला, तळवा खाली केला आणि टेबल पुसलं, नीट, पूर्ण गोल, सगळ्यांना दिसेल असं.

“हो,” मी म्हणाले. “हेच.”

बुवांनी पेटी उघडली. त्यांचे डोळे आता अधू झालेत, तरी त्यांनी मला ओळखलं आणि हातानं बोलावलं. मी बाबांकडे बघितलं. त्यांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. त्यांनी आपला हात उचलून बाकावर सपाट ठेवला आणि माझ्या हातांकडे बघायला लागले.

मी पुढे जाऊन उभी राहिले. बुवांनी पहिली ओळ म्हटली आणि ते थांबले, माझं होऊ द्यावं म्हणून.

मावशी मधेच हात वर करून म्हणाली, “ए, तो म्हणतोय तेच सांगतेयस ना?”

“तेच,” मी म्हणाले.

“सांग मग.”